दुखणं दाताचं, आकडा दंडाचा

दात काढताना पेशंट कुठे बघतो, असं विचारलं तर कोणीही सांगेल, चिमट्याकडे. खरं म्हणजे तो छताकडे बघतो. आमच्या दवाखान्याच्या छताला कुठे ओल आली, पंख्याच्या कोणत्या पात्यावर जळमट लोंबतं, हे आम्हाला नेहमी पेशंटकडूनच कळायचं. डॉक्टर तोंडात बघायचे. मी दंडाकडे बघायचे. वडूजच्या त्या दवाखान्यात सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या दंडाकडे बघत होते. गेल्या वर्षी थांबले.

काम सांगायला सोपं. पेशंट खुर्चीत बसला की त्याच्या दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबून हवा भरायची, कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप धरायचा आणि हवा हळूहळू सोडायची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा. ठोके बंद होतात तो खालचा. दोन्ही कागदावर लिहायचे. बाहेर बसलेल्यांना वाटायचं की दात दुखतोय आणि ही बाई हात का आवळतेय? एका आजोबांनी तर शर्टाची बाही खाली ओढून मला सांगितलं होतं, "बाई, दाढ वर हाय."

दाढ वर असते, पण दुखणं सगळीकडे पोचतं. माणूस घाबरला किंवा त्याला कळ आली की काळीज जोरात उडतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. तरण्याताठ्या माणसाचा चढतो आणि उतरतो, त्याला पत्ताही लागत नाही. पण वय झालेलं असेल, आधीच प्रेशरचा त्रास असेल, तर गोष्ट वेगळी. शेतावरची जुनी पाइपलाइन आणि तिला नवी मोटार जोडलेली, असं समजा. पाणी येतं, पण सांधा कुठला सुटेल ते सांगता येत नाही.

आमचे डॉक्टर मुजावर मूळचे लोणंदचे. वडील तिथल्या बाजारात कुलपं दुरुस्त करायचे. डॉक्टरांचा हातही तसाच होता. दात उपटत नसत, उघडत असत. किल्ली फिरवल्यासारखं थोडं इकडे, थोडं तिकडे, मग दात आपसूक बाहेर. मी पलीकडच्या माणदेशातली, मेंढपाळाच्या घरातली. सांगलीला नर्सिंगचा कोर्स केला, तिथल्या एका हॉस्पिटलात तीन वर्षं काढली आणि लग्नानंतर वडूजला आले. आमच्या दोघांचं जमायचं कारण एकच. दोघंही कामात बोलत नसू. पण हेच न बोलणं एकदा महागात पडलं. ते आधी सांगून टाकते.

आमच्या भागात निवृत्त फौजी पुष्कळ. त्यातले एक सुभेदार. उंच, ताठ, मिशा कापून सारख्या केलेल्या. खालची दाढ किडून मुळापर्यंत गेलेली. मी पट्टा बांधला, हवा भरली. वरचा आकडा एकशे नव्वद.

"साहेब, प्रेशर लय वाढलंय," मी म्हणाले.

"किती असलं म्हणजे काढता?"

"एकशे साठच्या आत असलं तर बरं."

"मग लिहा एकशे साठ. तीन हेलपाटे झाले माझे. फौजेत आम्ही बेहोश न होता टाके घालून घेतलेत."

बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. डॉक्टर आतल्या खोलीत दुसऱ्या पेशंटचा साचा घेत होते. सुभेदार माझ्याकडे असे बघत होते की उशीर करणं म्हणजे शिस्तभंग. मी एकशे साठ लिहिलं.

डॉक्टरांनी कागद बघितला, इंजेक्शन दिलं आणि दाढ काढली. सुभेदारांनी डोळ्याची पापणी हलवली नाही. मला कौतुक वाटलं. त्याच संध्याकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप निसटला. डावी बाजू गेली.

साताऱ्याच्या डॉक्टरांचं म्हणणं, असा झटका दात न काढताही आला असता. असेल. पंधरा दिवस मी हेच स्वतःला सांगत राहिले. सोळाव्या दिवशी मुजावर डॉक्टर हात धूत होते तेव्हा मी त्यांना खरा आकडा सांगितला. त्यांनी नळ बंद केला नाही. हात धूतच राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, उद्यापासून आकडा लिहायच्या आधी मोठ्यानं वाचायचा. मी कामात असलो तरी. मी चिडलो तरी."

वर्षभरानं सुभेदार बाजारात भेटले. काठी टेकत चालत होते. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "तुमचा काही दोष नाही, बाई. हुकूम माझा होता."

हुकूम त्यांचा होता. पेन माझं होतं.

त्यानंतर डॉक्टर पुण्याला जाऊन गॅसचं शिक्षण घेऊन आले आणि दवाखान्यात एक यंत्र आलं. एक निळा सिलिंडर, एक काळा पण पांढऱ्या खांद्याचा. काळ्यात ऑक्सिजन, निळ्यात नायट्रस ऑक्साइड. दोन्हीचं मिश्रण करून नाकावर बसणाऱ्या मऊ मास्कमधून पेशंटला द्यायचं. माणूस झोपत नाही. बोलतो, सांगितलं तर तोंड उघडतो. फक्त त्याची भीती उतरते. काम संपलं की पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन द्यायचा, मग तो उठून चालू लागतो.

डॉक्टरांनी पहिला मास्क स्वतःच्या नाकावर बसवला, दुसऱ्या दिवशी माझ्या. पायाच्या बोटांना मुंग्या आल्या, अंग जड झालं, डोकं हलकं झालं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज शेजारच्या घरात गेला. डॉक्टरांनी विचारून माझ्या दंडाला चिमटा काढला. तो कळला. पण त्यावर काही बोलावं असं वाटलं नाही.

लोकांनी कुठून तरी ऐकलं होतं की हा हसवणारा गॅस आहे. हसायला मिळेल म्हणून दात नीट असलेले दोघं येऊन गेले. एका गृहस्थानं हळूच विचारलं, "आमच्या घरातल्या मंडळींना आठवड्यातनं एकदा देता येईल का?" प्रत्यक्षात हसणारे फार थोडे. बाकीचे शांत होत. एका मुख्याध्यापकांनी मास्क लागल्यावर हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव घेत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. त्यांनी तोंड उघडावं म्हणून मी प्रत्येक नावाला "हजर" म्हणत होते. अर्धा वर्ग झाला तेव्हा दात निघाला. त्या सगळ्या वेळात त्यांचं प्रेशर एकशे चोवीसवरून हललं नाही. एरवी इंजेक्शनची सुई बघून ते एकशे सत्तरला जायचे.

मात्र एक गोष्ट लोकांना समजवायला वेळ लागायचा. गॅस म्हणजे दात बधिर करणारं औषध नव्हे, ते इंजेक्शननंच करावं लागतं. इंजेक्शन दाताला, गॅस माणसाला. आणि गॅस ही प्रेशरची गोळीही नव्हे. भीतीनं चढलेला आकडा तो खाली आणतो, पुन्हा चढू देत नाही. कळ कमी जाणवते, पण जात नाही. हे मला वाटायचं आपल्याला पक्कं ठाऊक आहे. हौसाक्का आल्या तेव्हा ते खरं कळलं.

हौसाक्का सत्तरीच्या आसपासच्या. माण भागातल्या एका वस्तीवरच्या, जन्म मेंढरामागं गेलेला. आता मेंढरं मुलानं विकली होती आणि त्या चार शेरडं राखत होत्या. बरोबर सून, संगीता. हौसाक्कांचा उजवा गाल फुगून डोळा बारीक झाला होता. सूज जबड्याखाली उतरली होती आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं.

संगीतानं कागदांची पिशवी टेबलावर ओतली. "दोन दवाखानं झालं. खुर्चीवर बसवलं की प्रेशर दोनशे. आदी प्रेशर उतरवून या म्हणत्यात. गोळी वाढवली, मग आनि वाढवली. आता घरी चक्कर येऊन पडत्यात. परवा गोठ्यात पडल्या."

मी पट्टा बांधला. दोनशे चार. मोठ्यानं वाचलं. हौसाक्का छताकडे बघत होत्या आणि दुसऱ्या हातानं खुर्चीची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडलेली.

एवढ्या आकड्यावर दात काढत नाहीत, हा नियम. पण सूज गळ्याकडे निघाली होती, आणि गळ्यात उतरली की श्वास अडतो, हाही नियमच. डॉक्टर कागद चाळत राहिले. मी हौसाक्कांना म्हटलं, "चला, बाहेर कडुनिंबाखाली बसू. हितं उकडतंय."

बाहेर कट्ट्यावर बसलो. कुठल्या वस्तीवरच्या, शेरडं कुणाच्या हवाली करून आलात, असं बोलत बोलत मी पट्टा बांधला. एकशे अठ्ठेचाळीस. दाराशी उभं करून पुन्हा बघितलं. एकशे सत्तर. कट्ट्यापासून खुर्ची बारा पावलांवर होती. बारा पावलांत छप्पन.

डॉक्टरांनी गावातल्याच फिजिशियन मॅडमना बोलावलं. त्यांनी बाहेरचे आणि आतले आकडे बघितले, गोळ्यांच्या चिठ्ठ्या बघितल्या. म्हणाल्या, "आपण खुर्चीतल्या प्रेशरला औषध देत बसलो. ही बाई खुर्चीत राहत नाही." मग त्यांनी ईसीजीचा कागद काढला, साखर बघितली, सलाईन लावलं आणि ठरवलं की गॅसवर करून बघू. त्या स्वतः शेजारी थांबणार. आकडा हाताबाहेर गेला तर थांबायचं आणि थेट साताऱ्याला हलवायचं. दाराशी गाडी उभी केली. संगीतानं सही केली आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "जगतील न्हवं?"

मी म्हणाले, "बघू." यापेक्षा मोठं आश्वासन मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही.

आधी ऑक्सिजन. मग नायट्रस थोडा, आणखी थोडा. हौसाक्कांची बोटं एकेक करून खुर्चीच्या कडेवरून सुटली. दोनशे चार, एकशे ब्याऐंशी, एकशे अठ्ठावन्न. मी वाचत होते. मॅडम मान हलवत होत्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बधिर व्हायची वाट बघत आम्ही थांबलो. तेवढ्यात हौसाक्का स्वतःहून बोलायला लागल्या. आवाज संथ, जणू दुसऱ्याच्या घरातली गोष्ट.

"माझी आय दाडंच्या दुखण्यानं गेली. मी आठ वर्साची व्हते. अशीच सुजली. गळ्यापातूर. शेवटाला पाणी गिळंना."

"आणि घरातली माणसं?" मी विचारलं.

"मेंढरामागं लांब व्हती. तिनं सांगितलंच न्हाई कुणाला. मला म्हनली, गप बस. एक सबूद सुदीक बोलू नगं."

संगीता दाराशी उभी होती. सून होऊन तिला सतरा वर्षं झाली होती. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टरांनी हिरडीला टोचून विचारलं, "लागतंय का, आक्का?" त्यांनी मान हलवली, नाही. डॉक्टरांनी काम सुरू केलं. थोडं इकडे, थोडं तिकडे. हौसाक्कांचे डोळे अर्धे मिटलेले, चेहरा निवांत. ओठांवर हसू म्हणता येईल असंही काही होतं.

मी हवा सोडली. पहिला ठोका फार लवकर आला. "एकशे शहाऐंशी."

डॉक्टरांनी वर बघितलं नाही. "हलतोय दात. दोन मिनिटं."

मी पुन्हा हवा भरली. "एकशे ब्याण्णव."

"सिस्टर, शांत आहेत त्या. चेहरा बघा."

"मी दंड बघतेय. एकशे ब्याण्णव."

आवाज जरा चढला असावा, कारण मॅडम उभ्या राहिल्या. डॉक्टरांचा हात थांबला. इतक्या वर्षांत मी त्यांना कामात मध्येच थांबवल्याची ही पहिली वेळ. त्यांच्या कपाळावर घाम होता.  त्यांनी हत्यार बाहेर काढलं.

मी हौसाक्कांच्या कानाशी वाकले. "आक्का, दुखतंय का?"

"व्हय," त्या म्हणाल्या.

"किती?"

"लय. पण माझं न्हाई."

 पू साठलेल्या जागी इंजेक्शन कधी कधी नीट लागत नाही. दात जागा होता. गॅसनं हौसाक्कांना त्या दुखण्यापासून बाजूला नेऊन बसवलं होतं आणि त्या तिथून ते बघत होत्या. रक्तवाहिन्यांना मात्र कोणी बाजूला नेलं नव्हतं. चेहरा बघत राहिलो असतो तर दात निघाला असता आणि त्याबरोबर आणखी काय निघालं असतं, ते बोलायला नको.

डॉक्टरांनी दुसऱ्या जागी, जबड्याच्या मागच्या बाजूला, इंजेक्शन दिलं. मग आम्ही चौघं दहा मिनिटं नुसते थांबलो. मॅडमनी हौसाक्कांची नाडी धरलेली, मी दर दोन मिनिटांनी वाचत होते. एकशे शहात्तर. एकशे साठ. एकशे बावन्न.

"आता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता काईच न्हाई. कोन तरी लांब दगूड सरकवतंया."

दाढ निघाली. पाठोपाठ पू आला, वाटीभर. आकडा एकशे चोपन्न. नुसत्या ऑक्सिजनवर पाच मिनिटं ठेवलं, मास्क काढला. हौसाक्का उठून बसल्या, ट्रेमधल्या दाढेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढीशीच?"

संगीता बाहेर कट्ट्यावर जाऊन पदर तोंडाला लावून रडली. मी तिला पाणी दिलं. डॉक्टर आत हात धूत होते. मी आले तेव्हा म्हणाले, "चिडलो होतो मी." मी म्हणाले, "कळलं." विषय संपला.

मॅडमनी गोळी निम्म्यावर आणली. वस्तीवरच्या आशा-कार्यकर्त्या आठवड्यातून दोनदा घरी जाऊन प्रेशर बघायच्या. हौसाक्का पुन्हा पडल्या नाहीत. जखम दाखवायला आल्या तेव्हा बारा पावलं चालून स्वतः खुर्चीत बसल्या. एकशे सहासष्ट. कमी नाही, पण दोनशे चारही नाही.

गॅसनं माझ्या डोक्यातला एक गैरसमज मात्र काढला. शांत माणूस म्हणजे न दुखणारा माणूस, असं मी सुभेदारांच्या वेळी धरून चालले होते. आमच्या भागात दुखणं सांगायची पद्धत नाही. बाप्यांना फौज शिकवते, बायांना घर शिकवतं. त्यानंतर कोणी खुर्चीत फारच गुणी वागलं की मला काळजी वाटायची.

दीड महिन्यानं हौसाक्का परत आल्या. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी जाऊ होती, हिराबाई. तोंडाला फडकं बांधलेलं, डोळे रडून सुजलेले. हौसाक्कांनीच तिला ओढत आणल्यासारखं आत आणलं.

"हिची बी दाड हाय. सा म्हयनं झालं. आज न्याहारीला भाकरी चावली न्हाई तवा कळलं मला. आदी बोलली न्हाई."

मी गॅसचं यंत्र पुढे ओढलं. हिराबाई ते बघून आणखी मागे सरकल्या. हौसाक्कांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं, खुर्चीशेजारी ठेवलं आणि त्यावर ठिय्या मारला. जावेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्या हातांवर शेरडांच्या दाव्याचे घट्टे होते.

"हिराबाय, माझ्याकडं बघ. वर नगं बघू, वर काय न्हाई, पंखा हाय. दुखलं की सांगायचं. वरड. डाक्टर थांबत्यात, मी बघितलंय. गप बसायचं न्हाई. आय गप बसली माझी."

"पर आक्का, लोक काय म्हनतील?"

"लोकाची दाड हाय का ती?"

मी दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. एकशे छत्तीस. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी यंत्राकडे, आणि यंत्र मी परत भिंतीला लावलं. इंजेक्शनच्या वेळी हिराबाई एकदा ओरडल्या, चांगल्या मोठ्यानं. डॉक्टर थांबले. मग पुन्हा सुरू केलं. दाढ निघेपर्यंत आकडा एकशे चव्वेचाळीसच्या वर गेला नाही, आणि हौसाक्का सगळा वेळ तिच्याशी एका गाभण शेरडीबद्दल बोलत होत्या.

काम झाल्यावर डॉक्टर हसत म्हणाले, "आक्का, तुम्ही रोज येऊन बसा इथं. माझा गॅस वाचेल."

हौसाक्कांनी जावेच्या तोंडावरचं फडकं नीट केलं आणि उठल्या.

"आन शेरडं काय तुमी राखनार?"